पोल, ग्रिड आणि क्यू-थ्री : मोटार शर्यतीतील क्वालिफाइंगची परिभाषा

मोटार शर्यतीत कोणती गाडी कोणत्या जागेवरून सुटणार, हे ठरवणाऱ्या घड्याळी चाचणीला क्वालिफाइंग म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांत तिला पात्रता फेरी असे नाव रुळले आहे, आणि क्रिकेट-फुटबॉलच्या वाचकाला ते थोडे चकवते. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत हरलेला संघ घरी जातो. फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत शेवटचा आलेला चालक मात्र दुसऱ्या दिवशी सहसा शर्यतीत असतोच. फक्त सर्वांच्या मागे उभा असतो. क्वालिफाइंगच्या परिभाषेत दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ झालेली आहे : शर्यतीत उतरण्याची लायकी कोणाची, आणि उतरणाऱ्यांत पुढे कोण. पहिला प्रश्न आता बराचसा मागे पडला आहे, त्याचे शब्द मात्र टिकून आहेत. टीव्हीवर शर्यत पाहताना नवख्याचा गोंधळ होतो तो मुख्यतः त्यामुळेच.

सगळ्या गाड्या एका रेषेत उभ्या का करत नाहीत, याचे उत्तर रस्त्याच्या रुंदीत आहे. सर्किटचा सुटण्याच्या जागेचा रस्ता साधारण पंधरा मीटर रुंद असतो आणि फॉर्म्युला वनची गाडी जवळपास दोन मीटर. वीस-बावीस गाड्या शेजारी शेजारी मावणे शक्य नाही, आणि मावल्या तरी पहिल्या वळणावर त्यांचा चुराडा होईल. म्हणून रांगा लावाव्या लागतात. रांग आली की पुढची जागा कोणाला, हा तंटा आला. मोनॅकोसारख्या अरुंद रस्त्यांवर पुढच्या गाडीला मागे टाकणे इतके अवघड असते की हा तंटा जिंकणारा निम्मी शर्यत जिंकून बसतो.

तुमसर, मोहाडी, लाखनीकडच्या वाचकाला ही अडचण शंकरपटाच्या (बैलजोड्यांच्या शर्यतीच्या) उलट बाजूने समजू शकेल. झाडीपट्टीच्या पटात दोन दाणी, म्हणजे धावपट्ट्या, आखतात आणि दोन जोड्या एका रेषेवरून सुटतात. पुढे-मागे उभे राहण्याचा प्रश्न येत नाही. पश्चिम विदर्भातल्या पटांत जोडीने अंतर किती सेकंदांत तोडले ते घड्याळावर मोजतात. तिथे धुरकऱ्याची खरी लढत शेजारच्या दाणीशी नसून त्या आकड्याशी असते. क्वालिफाइंग हा असाच सेकंदांचा पट आहे. फरक एवढाच की पटात घड्याळाचा आकडा हाच निकाल असतो. मोटार शर्यतीत तो आकडा फक्त उभे राहायची जागा देतो आणि खरी शर्यत पुढे राहतेच.

जागा घड्याळाने वाटण्याची पद्धत शर्यतींइतकी जुनी नाही. अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९११ साली पहिल्यांदा झाली, तेव्हा गाडीने पाव मैल अंतर ताशी ७५ मैलांच्या वेगाने कापून दाखवायचे होते. ते जमले की गाडी पात्र. पण जागा कोणती, हे वेगावर ठरले नाही. ज्याचा प्रवेश अर्ज आधी आला तो पुढे, असा क्रम लावला गेला. वेगानुसार क्रम तिथे १९१५ पासून लागू लागला. युरोपात बराच काळ चिठ्ठ्या टाकून जागा ठरत. ग्रां प्री शर्यतींत सरावातल्या वेळेवरून क्रम लावण्याचा पहिला प्रसंग १९३३ च्या मोनॅको ग्रां प्रीचा. इटलीचा अकिले व्हार्झी तिथे सर्वांत पुढून सुटला आणि जिंकलाही. ले माँच्या २४ तासांच्या शर्यतीत तर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गाड्या इंजिनाच्या आकारमानानुसार उभ्या करत. मोठे इंजिन पुढे, लहान मागे, मग चालक कितीही तरबेज असो.

गाड्यांच्या या रांगांच्या आखणीला ग्रिड म्हणतात. तिच्यातली पहिली जागा म्हणजे पोल पोझिशन, किंवा नुसतेच पोल. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आलेला आहे; तिथे आतल्या कडेच्या खांबालगतची जागा सर्वांत लाभाची मानत. पहिल्या दोन जागा मिळून फ्रंट रो, म्हणजे पहिली रांग. फॉर्म्युला वनमध्ये रांगेत दोन गाड्या असतात, पण त्या बरोबरीने उभ्या नसतात. प्रत्येक जागा आधीच्या जागेपासून आठ मीटर मागे, तिरकस आखलेली असते. म्हणजे विसाव्या क्रमांकाची गाडी पोलपासून १५२ मीटर मागून निघते. मोटोजीपीच्या मोटारसायकली तीन-तीनच्या रांगांत असतात, आणि इंडियानापोलिसलाही ३३ गाड्या तीन-तीनच्या अकरा रांगांत असतात. ग्रिडवर थांबून दिवे विझताच सुटणे हा स्टँडिंग स्टार्ट. त्याच क्रमाने संथ चालत येऊन हिरव्या झेंड्यावर वेग घेणे हा रोलिंग स्टार्ट. इंडियानापोलिस आणि ले माँ येथे तो चालतो.

पोलची जागा डावीकडे असावी की उजवीकडे, हे आयोजक ठरवतात, आणि हा तपशील क्षुल्लक नाही. गाड्या ज्या मार्गाने सतत धावतात त्या पट्ट्यावर टायरचे रबर बसते आणि पकड वाढते. ती क्लीन साइड. उरलेल्या बाजूला धूळ आणि रबराचे कण साचतात. ती डर्टी साइड. १९९० च्या जपान ग्रां प्रीत आयर्टन सेनाने सुझुकावर पोल मिळवला, पण पोलची जागा धुळीच्या बाजूला होती. ती बदलावी ही त्याची मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्या जागेवरचा अलँ प्रोस्त सुटताच पुढे गेला, पहिल्याच वळणावर दोघांची टक्कर झाली आणि त्या वर्षीचे विजेतेपद तिथेच सेनाच्या नावावर लागले. पोलची जागाच तोट्याची ठरल्याचे इतके गाजलेले उदाहरण दुसरे नसेल.

फॉर्म्युला वनची सध्याची क्वालिफाइंग तीन भागांची आहे आणि ती २००६ पासून चालत आली आहे. या भागांना क्यू-वन, क्यू-टू, क्यू-थ्री म्हणतात. २०२५ पर्यंत ग्रिडवर २० गाड्या होत्या. १८ मिनिटांच्या क्यू-वनमध्ये सर्व उतरत आणि सर्वांत मंद पाच बाद होत. त्यांना १६ ते २० या जागा मिळत. १५ मिनिटांच्या क्यू-टूमध्ये आणखी पाच गळत आणि ११ ते १५ या जागा भरत. उरलेल्या दहा जणांत क्यू-थ्री होऊन पोल ठरे. २०२६ मध्ये कॅडिलॅक हा अकरावा संघ आल्याने गाड्या २२ झाल्या, म्हणून पहिल्या दोन भागांत पाचऐवजी सहा-सहा गळतात. शेवटचे दहा तेच राहतात. बाद होणे याचा अर्थ इथे शर्यतीबाहेर जाणे असा नाही. चालकाची जागा तिथे गोठते, इतकेच.

यातली एक गोष्ट समालोचक क्वचितच नीट सांगतात. प्रत्येक भागात जुन्या वेळा पुसल्या जातात. क्यू-टूमध्ये अकरावा आलेल्याची वेळ क्यू-थ्रीतल्या दहाव्यापेक्षा चांगली असू शकते, तरी तो अकरावाच. क्यू-थ्रीत एखाद्याची गाडी बंद पडली आणि त्याने एकही वेळ नोंदवली नाही, तरी तो दहाव्याच्या मागे ढकलला जात नाही. टीव्हीच्या पडद्यावर चालकांच्या यादीत जी लाल रेघ दिसते ती गळतीची हद्द असते. तिच्या खाली गेलेल्याला इंग्रजी समालोचनात ड्रॉप झोनमध्ये असल्याचे म्हणतात. वेळ संपल्यावर काळापांढरा चौकड्यांचा झेंडा पडतो. पण झेंड्याआधी ज्याने नवी फेरी सुरू केलेली असते त्याची ती फेरी धरली जाते. शेवटच्या मिनिटाभरात यादी उलटीपालटी होते ती यामुळे.

फेऱ्यांनाही नावे आहेत. संघांच्या दुरुस्तीच्या जागेलगतच्या पिट लेनमधून बाहेर पडून टायर आणि ब्रेक तापवत केलेली फेरी ही आउट लॅप. तिच्यात गाडी मुद्दाम नागमोडी चालवतात, कारण शर्यतीचे टायर शंभर अंश सेल्सियसच्या आसपास तापल्याशिवाय पकड देत नाहीत. पूर्ण वेगात सुटण्याची रेषा ओलांडून, पुन्हा त्या रेषेपर्यंत येणारी मोजणीची फेरी ही फ्लाइंग लॅप. तिलाच पुश लॅप किंवा हॉट लॅपही म्हणतात. परत पिटकडे येणारी ती इन लॅप. आधी जोखीम न घेता एक बरी वेळ नोंदवून ठेवण्याला बँकर लॅप म्हणतात. मग पुढच्या फेरीत चालक काठापर्यंत गाडी न्यायला मोकळा होतो. जसजशा गाड्या धावतात तसतसे रस्त्यावर रबर बसून पकड वाढत जाते, याला ट्रॅक इव्होल्यूशन म्हणतात. म्हणूनच सगळ्यांना शेवटच्या क्षणी बाहेर पडायचे असते.

पुढच्या गाडीने हवा फाडल्यावर तिच्या मागे विरळ हवेचा पट्टा राहतो. त्यात शिरून सरळ रस्त्यावर फुकटचा वेग मिळवणे याला टो किंवा स्लिपस्ट्रीम म्हणतात. इटलीतील मोंझा येथे सरळ रस्ते लांबलचक असल्याने तिथे टोचे महत्त्व फार. २०१९ च्या क्यू-थ्रीत तिथे जो प्रकार झाला तो हास्यास्पदच होता. पुढे राहून दुसऱ्याला टो द्यायला कोणीच तयार नव्हते. सगळे रेंगाळत राहिले आणि बहुतेकांची शेवटची फेरी सुरू होण्याआधीच वेळ संपली. फेरारीचा शार्ल लक्लेर आधीच्या वेळेवर पोल घेऊन गेला.

सर्किटचे मोजणीसाठी तीन तुकडे पाडतात. त्यांना सेक्टर म्हणतात. पडद्यावर चालकाच्या नावापुढे जे रंग उमटतात ते या तुकड्यांचे. जांभळा म्हणजे त्या वेळेपर्यंत सर्वांत वेगवान, हिरवा म्हणजे त्या चालकाची स्वतःची सर्वोत्तम वेळ, पिवळा म्हणजे आधीपेक्षा मंद. तीनही तुकडे जांभळे झाले की वेळ पहिल्या क्रमांकाची, हे सांगायला गणित लागत नाही. मात्र एकही तुकडा जांभळा नसताना पहिला क्रमांक मिळाल्याचीही उदाहरणे घडतात, कारण तीन वेगवेगळे चालक तीन तुकड्यांत वेगवान असू शकतात.

वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका हजारांश सेकंदात सुमारे आठ सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे जेमतेम हाताच्या पंजाची रुंदी. एवढ्या बारीक मोजणीतही बरोबरी झाली आहे. १९९७ मध्ये स्पेनमधील हेरेथ येथे जॅक व्हिलनव्ह, मायकेल शूमाकर आणि हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद अशी आली. नियम असा की बरोबरी झाल्यास ज्याने ती वेळ आधी नोंदवली तो पुढे. त्या हिशेबाने पोल व्हिलनव्हला मिळाला.

नोंदवलेली वेळ टिकेलच असे नाही. चारही चाके रस्त्याच्या पांढऱ्या रेषेबाहेर गेली तर ट्रॅक लिमिट्सचा भंग म्हणून ती फेरी रद्द होते. पुढे अपघात असल्याचा पिवळा झेंडा दिसत असता वेग कमी न करणे हाही गुन्हा. लाल झेंडा पडला तर सत्रच थांबते आणि चालू फेऱ्या वाया जातात. या शेवटच्या नियमांचा गैरफायदा घेण्याचा मोह जुना आहे. २००६ च्या मोनॅकोत शूमाकर पहिल्या क्रमांकावर असताना त्याची गाडी क्वालिफाइंगच्या अखेरीस रास्कास वळणावर थांबली, आणि मागून वेगात येणाऱ्या फर्नांडो अलोन्सोची फेरी बिघडली. हे मुद्दाम केले असे पंचांनी ठरवले, शूमाकरच्या वेळा रद्द झाल्या आणि तो सर्वांत मागून सुटला. पोल अलोन्सोकडे गेला.

संथ चालणाऱ्याने वेगातल्या गाडीची वाट अडवणे याला इम्पीडिंग म्हणतात. त्याची शिक्षा ग्रिडवर जागा मागे सरकवून देतात. ही ग्रिड पेनल्टी. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन ग्रां प्री झाली, तेव्हा हा नियम भारतीय प्रेक्षकांनी जवळून पाहिला. क्वालिफाइंगमध्ये शूमाकरची वाट अडवल्याबद्दल नारायण कार्तिकेयनला पाच जागांची शिक्षा झाली. त्याच क्वालिफाइंगमध्ये दुसरी सर्वोत्तम वेळ लुईस हॅमिल्टनची होती. परंतु सरावात पिवळ्या झेंड्याकडे दुर्लक्ष केल्याने त्याला तीन जागांची शिक्षा होती, आणि तो पाचव्या जागेवरून सुटला. क्वालिफाइंगचा निकाल एक असतो आणि ग्रिड दुसरेच असू शकते, हे लक्षात ठेवले की वर्तमानपत्रांतल्या दोन बातम्यांत विसंगती वाटत नाही. इंजिन किंवा गिअरबॉक्सचे भाग ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त वापरले तरी अशीच शिक्षा होते, मग चालकाने काही चूक केलेली नसली तरी.

क्वालिफाइंग सुरू झाल्यापासून शर्यत सुटेपर्यंत गाडीत मनाजोगते बदल करता येत नाहीत. या बंदिस्त अवस्थेला पार्क फर्मे हे फ्रेंच नाव आहे. पुढच्या पंखाचा कोन बदलण्यासारखी थोडी मोकळीक असते. त्यापलीकडे हात लावला तर चालकाला ग्रिड सोडून पिट लेनमधून, म्हणजे सगळे निघून गेल्यावर सुटावे लागते. कधी कधी संघ हे जाणूनबुजून पत्करतात. अठराव्या जागेवरून सुटण्यापेक्षा गाडीची जुळवणी बदलून पिट लेनमधून सुटणे परवडते, असा तो हिशेब असतो.

आता लायकीचा जुना प्रश्न. १९८९ च्या हंगामात फॉर्म्युला वनमध्ये इतके संघ उतरले की गाड्यांची संख्या ३९ वर गेली, आणि ग्रिडवर जागा होत्या फक्त २६. मुख्य क्वालिफाइंगमध्येही तीसच गाड्यांना प्रवेश होता. म्हणून नवख्या आणि मागल्या हंगामात मागे पडलेल्या संघांसाठी शुक्रवारी भल्या सकाळी तासाभराची चाळणी ठेवलेली असे, ती प्री-क्वालिफाइंग. तिथे तेरा गाड्यांतून चारच पुढे जात. बाकीचे सकाळी नऊच्या सुमारास सामान बांधू लागत, जेव्हा प्रेक्षकही पुरते आलेले नसत. जुन्या निकालपत्रकांत डीएनपीक्यू असे दिसते ते या अभाग्यांसाठी. डीएनक्यू म्हणजे मुख्य क्वालिफाइंगमध्ये अपात्र ठरलेला. डीएनएस म्हणजे पात्र ठरूनही शर्यतीत न सुटलेला. या तीन अक्षरपुंजांनीच कित्येक चालकांची संपूर्ण कारकीर्द भरते.

संघ कमी झाले तशी ही चाळणी १९९२ नंतर संपली. तिच्या जागी १९९६ मध्ये १०७ टक्क्यांचा नियम आला. सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ लावणाऱ्याला शर्यतीत घेत नाहीत. सर्वोत्तम वेळ ९० सेकंद असेल तर मर्यादा ९६.३ सेकंद. नियम २००३ मध्ये बाजूला पडला आणि २०११ मध्ये परतला. आता तो क्यू-वनच्या सर्वोत्तम वेळेवर मोजतात. परतल्यावर त्याचा पहिला तडाखा एका भारतीयालाच बसला. २०११ च्या ऑस्ट्रेलियन ग्रां प्रीत हिस्पानिया संघाचे दोन्ही चालक, विटांटोनिओ लिउझी आणि नारायण कार्तिकेयन, मर्यादेबाहेर राहिले आणि शर्यतीत उतरू शकले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच ग्रां प्रीत कार्तिकेयन आणि त्याचा सहकारी पेद्रो दे ला रोसा यांच्यावर पुन्हा तीच वेळ आली. सरावात पुरेसा वेग दाखवलेल्या चालकाला पंच सवलत देऊ शकतात, आणि एरवी देतातही. नियमाचा हेतू रस्त्यावर धोकादायक मंद गाडी नसावी एवढाच आहे.

लायकीची खरी झुंज आज पाहायची तर इंडियानापोलिसला पाहावी. तिथे सलग चार फेऱ्यांचा सरासरी वेग धरतात आणि जागा ३३ च. चौतिसावी गाडी आली की कोणीतरी बाहेर जाणारच. तेहतिसाव्या जागेवर लटकलेला चालक ऑन द बबल असतो, आणि नव्या वेगाने त्याला बाहेर ढकलणे म्हणजे बम्पिंग. फुगा कधी फुटेल याचा नेम नसतो.

क्वालिफाइंगचे नियम बदलत आले आहेत, त्यामुळे जुन्या पोलची आजच्या पोलशी तुलना जपूनच करावी. २००३ ते २००५ या काळात चालकाला एकट्याने मोकळ्या रस्त्यावर एकच फेरी मिळे. २००६ ते २००९ मध्ये क्यू-थ्रीत उतरताना शर्यतीच्या सुरुवातीला लागणारे इंधन टाकीत भरूनच धावावे लागे. जड गाडी मंद, हलकी गाडी वेगवान, पण हलक्या गाडीला शर्यतीत लवकर थांबावे लागणार. विजय मल्ल्या यांच्या फोर्स इंडिया संघाचा एकमेव पोल याच काळातला. २९ ऑगस्ट २००९ रोजी बेल्जियमच्या स्पा सर्किटवर जियानकार्लो फिसिकेलाने तो मिळवला तेव्हा संघाच्या खात्यावर एकही गुण नव्हता. ही हलक्या टाकीची करामत असावी अशी शंका अनेकांना आली. दुसऱ्या दिवशी फिसिकेला किमी रायकोनेनच्या पाठोपाठ दुसरा आला आणि शंका मिटली. २०१६ मध्ये दर दीड मिनिटाला एक चालक गाळण्याची पद्धत आणली गेली. ती इतकी फसली की दोन शर्यतींनंतर गुंडाळावी लागली.

२०२१ पासून काही ग्रां प्रींना स्प्रिंट नावाची सुमारे शंभर किलोमीटरची छोटी शर्यत जोडली गेली. आता तिची क्वालिफाइंग वेगळी, आणि भागांची नावे एसक्यू-वन, एसक्यू-टू, एसक्यू-थ्री. स्प्रिंटसाठी मिळालेला पोल अधिकृत पोलच्या संख्येत धरत नाहीत. २०२५ मध्ये हॅमिल्टनने फेरारीसाठी चीनमध्ये स्प्रिंटचा पोल घेतला, तरी त्याच्या कारकिर्दीतल्या पोलची संख्या १०४ वरच राहिली. पहिल्या वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, स्प्रिंट जिंकणाराच पोलचा मानकरी ठरत असे. त्या हंगामाचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

फॉर्म्युला टूमध्ये वेगवानाला पुढची जागा देण्याच्या उलट प्रकार आहे. रिव्हर्स ग्रिड म्हणजे आघाडीच्या काही चालकांचा क्रम मुद्दाम उलटा लावणे, जेणेकरून वेगवान चालकांना मागून पुढे यावे लागेल. २०२२ पासून तिथे क्वालिफाइंगच्या पहिल्या दहांचा क्रम छोट्या शर्यतीसाठी उलटतात. २०२० पर्यंत मोठ्या शर्यतीच्या निकालातले पहिले काही उलटत. मुंबईच्या जेहान दारूवालाने डिसेंबर २०२० मध्ये बहारीनच्या साखीर येथे जिंकलेली शर्यत अशीच उलट्या क्रमाची होती. फॉर्म्युला टूमधला तो भारतीयाचा पहिला विजय.

कार्टिंगमध्ये, म्हणजे बहुतेक चालक जिथे शिकतात तिथे, घड्याळ फक्त पहिली पायरी ठरवते. घड्याळी क्वालिफाइंगवरून हीट नावाच्या छोट्या शर्यतींचा क्रम लागतो, हीटवरून प्री-फायनलचा आणि प्री-फायनलवरून फायनलचा. महाराष्ट्रात या खेळाचे वेड कोल्हापूरकरांना. तिथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. सांगली-साताऱ्याच्या बैलगाडी शर्यतींत गट, सेमी, फायनल अशी जी उतरंड असते तिच्याशी हा प्रकार हुबेहूब जुळतो. रॅलीत मात्र ग्रिडच नसते. गाड्या ठरावीक अंतराने एकेक सुटतात, आणि मातीच्या रस्त्यावर पहिले सुटणे हा तोटा असतो, कारण पुढची गाडी सैल खडी झाडून मागच्यांना स्वच्छ वाट करून देते. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅली मालिकेत धावले ते या पद्धतीच्या खेळात.

मोटोजीपीत २०१३ पासून दोनच भाग आहेत. सरावातले पहिले दहा थेट क्यू-टूमध्ये जातात, उरलेल्यांतून क्यू-वनचे पहिले दोन त्यांना मिळतात, आणि या बारा जणांत पहिल्या चार रांगा ठरतात. फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या मालिकेत २०२२ पासून गट पाडतात. प्रत्येक गटातले चार वेगवान चालक पुढे जाऊन दोघा-दोघांच्या लढती खेळतात. या लढतीला ड्युएल म्हणतात. दोघे एकाच वेळी रस्त्यावर असतात, पण अंतर राखून सुटतात आणि निकाल वेळेवर लागतो. पोल मिळवणाऱ्याला तिथे तीन गुणही मिळतात. मुंबईच्या महिंद्रा समूहाची महिंद्रा रेसिंग या मालिकेच्या संस्थापक संघांपैकी एक आहे.

पोलचा उपयोग किती, याची भारतातली नोंद एकतर्फी वाटावी अशी आहे. बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही वर्षी सेबास्टियन व्हेटेलने पोल घेतला आणि तिन्ही शर्यती जिंकल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच सर्किटवर झालेली मोटोजीपीची मुख्य शर्यतही पोलवरच्या मार्को बेझेक्कीने जिंकली. अपवाद हैदराबादचा. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेन सागरच्या काठी झालेल्या फॉर्म्युला ई शर्यतीत पोल मिच एव्हान्सचा होता. त्याच्याच संघातील सॅम बर्डची गाडी त्याच्यावर आदळली, दोघेही बाहेर पडले आणि शर्यत जाँ-एरिक व्हेर्नने जिंकली.